समजलं, पुढे बोल

माझ्या तळहातावर कुणी बोलायला लागलं की मी मान हलवते. शब्द संपला, मान हलवली. पुढचा शब्द, पुन्हा मान. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही ते आम्ही सगळेच असं करतो. मी तोंडाने बोलत असले तर समोरचा माझ्या मनगटावर दोनदा टकटक करतो, तेही तेच. त्याचा अर्थ एवढाच, की समजलं, पुढे बोल. त्याचा अर्थ 'हो' नव्हे. 'हो' म्हणायला आमच्या भाषेत तीन अक्षरं लागतात, आणि प्रत्येक अक्षराची हातावर एक ठरलेली खूण असते: अंगठ्यावरून खाली एक रेघ, अंगठ्याच्या टोकाला एक स्पर्श, आणि चारही बोटं एकदम तळव्यावर. 'नाही'लाही तीनच लागतात. इतकं साधं आहे. पण साधी गोष्टच लोकांच्या डोक्यात शिरत नाही, त्याला मी काय करू?

माझं नाव लुत्सिना. वय एकसष्ट. डोळे शाळेत असतानाच अधू होत गेले, कान चौतिसाव्या वर्षी पार गेले. जीभ मात्र शाबूत आहे. जरा जास्तच शाबूत आहे, असं माझा भाचा सेव्हेरिन म्हणतो. आंधळ्यांच्या सहकारी कारखान्यात मी सव्वीस वर्षं ब्रश बांधले. भोकात केसांचा झुबका घालायचा, तार ओढायची, पुढचं भोक. सान नदीच्या वरच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर माझं घर आहे, दोन खोल्यांचं. त्याची किल्ली माझ्या गळ्यात दोरीला असते आणि ती मी अंघोळीलाही काढत नाही.

सेव्हेरिन माझ्या एकुलत्या एक भावाचा, झेनोनचा मुलगा. चाळिशीचा आहे. झेनोन गेल्यावर माझी जबाबदारी आपसूक त्याच्या गळ्यात पडली. पोरगा वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. टायरच्या कारखान्यातून सुटला की रबराचा वास घेऊन यायचा, कोळशाची बादली वर आणून द्यायचा, दर रविवारी खसखशीचा केक आणायचा. तळहातावरची भाषा मीच त्याला शिकवली, पण तो घाईने अक्षरं खातो. स्वर गिळतो. त्याच्याशी बोलणं म्हणजे निम्मं वाक्य आपणच शिवत बसायचं.

चार वर्षांपूर्वी त्याने मला विचारलं होतं, जुने ब्रश टाकू का? मी प्रत्येक शब्दाला मान हलवली. 'खबरदार' म्हणायला तोंड उघडेपर्यंत हा पेटी उचलून जिना उतरलासुद्धा. माझ्या हाताने बांधलेला पहिला ब्रश त्या पेटीत होता. त्या दिवशी मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि तासभर घोकून घेतलं. मान हलवली म्हणजे काय? समजलं. टकटक म्हणजे काय? समजलं. आणि हो म्हणजे? अंगठा, टोक, चार बोटं. पन्नास वेळा करायला लावलं. रडकुंडीला आला होता बिचारा. त्यानंतर त्याची ही चूक कधी झाली नाही. हे लक्षात ठेवा.

आता त्या वेबसाइटचं सांगते.

माझ्याकडे किंगा यायची. ती माझी सोबतीण, समाजकल्याण कचेरीने नेमलेली. आठवड्यातून तीनदा येऊन मला बाजारात, डॉक्टरकडे, चर्चला, कधी नुसतंच नदीवर न्यायची. तिचा हात शाईने लिहिल्यासारखा स्वच्छ, एक अक्षर खायची नाही. तिचे तास दर वर्षी नव्याने मागावे लागतात. आजवर मी टाइपरायटरवर अर्ज बडवायचे आणि पोस्टात टाकायचे. यंदा जूनमध्ये उत्तर आलं, की कागद बंद, आता सगळं वेबसाइटवर.

माझी काही हरकत नव्हती. संगणक मला येतो. त्याच्यासमोर माझी ब्रेलची पट्टी असते. पडद्यावर जे लिहिलंय ते पट्टीवर टिपके होऊन वर येतं आणि माझ्या बोटांना लागतं, एका वेळी चाळीस अक्षरं. अर्ज भरला. पन्नासएक प्रश्न होते. शेवटी पट्टीवर आलं: 'आपण यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा.'

बरं बाई, करते. पुढे गेले. चित्र. चित्र. चित्र. नऊ वेळा 'चित्र', दुसरं काही नाही. वर सूचना होती, की ज्या चौकोनांत बस दिसते ते निवडा. खाली बटण होतं, की चित्र दिसत नसल्यास आवाज ऐकून आकडे लिहा. म्हणजे आंधळ्याला आवाज, बहिऱ्याला चित्र, आणि मला ठेंगा. दहा मिनिटं झाली की पान आपोआप मिटायचं आणि पन्नास प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस मी तेच करत होते. तिसरा चौकोन, पाचवा, आठवा, लॉटरी लावल्यासारखे दाबत होते. चौथ्या दिवशी पट्टीवर आलं, की संशयास्पद हालचालींमुळे आपलं खातं बंद करण्यात येत आहे. अडचण असल्यास फोन करावा.

फोन! कपाळ माझं.

शेवटी मी सेव्हेरिनला बसवलं. मला वाटलं, बसचे चौकोन दाबून देईल आणि उठेल. पण माझं खातं बंद होतं. त्याने खाली-वर शोधलं आणि अर्ध्या तासात माझ्या हातावर लिहिलं, झालं. मी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, दुसरं बटण होतं. तेवढंच. मी खूश झाले, त्याला बीटचं सूप वाढलं, वर शेपूची पानं घातली. ते बटण काय होतं ते मला ऑक्टोबरमध्ये, कचेरीच्या कागदावरून कळलं. त्यावर लिहिलं होतं, 'प्रतिनिधी म्हणून प्रवेश'. त्याला चित्रं लागत नाहीत, आवाज लागत नाही. एका वाक्यापुढे खूण केली की दार उघडतं. ते वाक्य असं: 'संबंधित व्यक्ती स्वतःची कामं स्वतः करण्यास असमर्थ आहे.'

सेव्हेरिनने खूण केली होती.

त्या दिवसापासून मला येणारं एक एक बंद पडत गेलं. आधी पत्रं थांबली, कारण ती आता त्याच्या खात्यात जायला लागली. मग किंगाचे तास थांबले, का तर माझ्या 'स्थितीची पडताळणी' व्हायची होती. किंगालाही पोट भरायचं होतं, ती दूरच्या शहरात एका कुटुंबाकडे लागली. जाताना तिने माझे दोन्ही हात धरले. नदीवर जाणं संपलं. आठवडाभर हातावर कुणी बोललं नाही, अशी वेळ माझ्यावर पूर्वी कधी आली नव्हती. तळहात नुसता उघडा ठेवून मी टेबलाशी बसायचे. काहीतरी माझ्याकडे चालत येतंय असं सारखं वाटायचं. पायाखालची फळी हलायची, आणि कुणी नसायचंच.

सप्टेंबरच्या शेवटी सेव्हेरिन एका बाईंना घेऊन आला. तज्ज्ञ आहेत म्हणाला. त्यांचा हात गार होता आणि त्याला दवाखान्यासारखा वास येत होता. त्यांनी माझ्या हातात हात दिला तो दोन बोटांपुरता, आणि मग कधी मला हात लावला नाही. त्या विचारणार, सेव्हेरिन माझ्या हातावर लिहिणार, मी तोंडाने उत्तर देणार, असं ठरलं. वार विचारला, सांगितला. महिना सांगितला. स्वयंपाक कोण करतं? मीच करते, तुम्हाला काय वाटलं? मग सेव्हेरिनचं बोट चालायला लागलं, नेहमीपेक्षा हळू. तुला. मान. मदत. मान. कुणाची. मान. हवी. मान. का. मान. आणि मी ठणकावून सांगितलं, "किंगाचे तास परत द्या, म्हणजे झालं!"

त्याने माझा हात सोडला. मला टेबलावर कागद सरकल्याचं जाणवलं, पेन चालल्याचं जाणवलं. दहा मिनिटांत त्या बाई गेल्या. सेव्हेरिनने केकही कापला नाही.

त्या तपासणीचा कागद मला ऑक्टोबरमध्ये मिळाला, तोही चुकून. सगळं त्याच्या खात्यात जात असलं तरी एक प्रत कुणीतरी जुन्या सवयीने पोस्टात टाकली होती. ती मला खाली पत्रपेटीत सापडली. माझ्याकडे कागद वाचून पट्टीवर आणणारं यंत्र आहे. मी ती प्रत त्यावर ठेवली आणि बोटं टेकवली.

'प्रश्न: आपले सर्व निर्णय आपल्या वतीने भाच्याने घ्यावेत आणि आपण निवासी संस्थेत राहावं, हे आपल्याला मान्य आहे का? उत्तर: संबंधित व्यक्तीने स्पष्टपणे व वारंवार होकारार्थी मान हलवली. त्यानंतरचे तोंडी उद्गार प्रश्नाशी विसंगत होते.'

मी ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. खाली कायद्याचा एक शब्द होता. आमच्या भाषेतला तो एकोणीस अक्षरांचा शब्द माझ्या पट्टीवर अर्ध्याहून थोडा कमी जागा घेतो. तो एखाद्याला लागला की त्याची सही सही राहत नाही. त्याचा मताचा हक्क जातो, त्याची किल्ली दुसऱ्याकडे जाते, कुठे झोपायचं हे दुसरा ठरवतो. कारखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईला तो लागला होता. तिला टेकडीवरच्या नन्सच्या संस्थेत नेलं. तिथे तळहातावर बोलणारं कुणी नव्हतं. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या वेळी मी तिच्या हातावर माझं नाव लिहिलं तर तिने मूठच मिटून घेतली. पुन्हा उघडली नाही.

कागदावर त्याच संस्थेचं नाव होतं. जागा उपलब्ध, एक नोव्हेंबरनंतर. हरकत असल्यास चौदा दिवसांत वेबसाइटवर नोंदवावी. त्यातले आठच उरले होते.

पण त्याहून वाईट गोष्ट मला सूप ढवळताना सुचली आणि हातातला डाव तसाच राहिला. त्या बाईंना मान हलवण्याचा अर्थ ठाऊक नव्हता, ठीक. पण त्यांच्याशेजारी बसलेल्याला होता. त्याच्याकडून मी पन्नास वेळा घोकून घेतलं होतं. त्याने प्रश्न बदलून माझ्या हातावर लिहिला, चूक होताना पाहिली, आणि तो गप्प बसला.

मी हातपाय गाळून बसणाऱ्यातली नाही. टाइपरायटर काढला, हरकत लिहिली, रजिस्टर पोस्टाने पाठवली. चौथ्या दिवशी परत आली. नियुक्त प्रतिनिधी असलेल्या व्यक्तीकडून थेट पत्र स्वीकारता येत नाही म्हणे. किंगाला मेल केला. तिने बिचारीने कचेरीत तीनदा फोन लावला. तिचं उत्तर पट्टीवर आलं: 'लुत्सिनाताई, ते मला दारातही उभं करत नाहीत. म्हणतात, तुम्ही कोण? सेव्हेरिनच्या खात्यातूनच जावं लागेल. मी शनिवारी येते.' शनिवारपर्यंत मुदत संपून दोन दिवस होणार होते.

मग मी लाल-पांढरी काठी घेतली आणि एकटी कचेरीत गेले. एकोणऐंशी पायऱ्या, डावीकडे कुंपण, मग बेकरीचा वास, मग दोन रस्ते. रस्त्याच्या कडेला काठी उभी धरून थांबले की कुणीतरी दंड धरून पलीकडे नेतं. कचेरीत गळ्यातलं कार्ड पुढे केलं: मला दिसत-ऐकू येत नाही, माझ्या तळव्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. मी तोंडाने सगळं सांगितलं. माझा आवाज केवढा चढला होता देव जाणे. बऱ्याच वेळाने कुणाचं तरी बोट माझ्या तळव्यावर आलं. आधी एक गोल काढला. मग पुढचं अक्षर, मग त्याच्या पुढचं. तिसऱ्या अक्षराला मला शब्द कळला होता, तरी त्या बोटाने तो इमानेइतबारे पुरा केला. ऑनलाइन.

मी तिथून हलले नाही. तेव्हा त्यांनी माझ्या प्रतिनिधीला बोलावून घेतलं. सेव्हेरिन कामावरून धावत आला, रबराचा वास आणि घाम. त्याने मला घरी आणलं. वाटेत तो माझ्या हातावर एकच गोष्ट बोलला: त्यांनी लिहून घेतलंय, एकटी भटकताना सापडली.

आज गुरुवार. मुदतीचा शेवटचा दिवस, दुपारी चारपर्यंत. सेव्हेरिन तीनला आला. मी त्याला ओव्हरकोटही काढू दिला नाही.

"तुला माहीत होतं ना," मी म्हणाले, "मी नुसतं समजलं म्हणत होते?"

त्याने माझा हात धरला. मग लिहायला लागला आणि पहिल्यांदाच एक अक्षर खाल्लं नाही. आत्या, मला झोप लागत नाही. वसंतात तू गॅस चालू ठेवला होतास. मी आलो नसतो तर? माझं नाव लावलं की सगळं एका बटणात होतं. तुझं नाव लावलं की तीन-तीन दिवस जातात. मी थकलो.

गॅसचं खरं आहे. मी ते नाकारणार नाही. तिडीक जायला हवी होती माझ्या डोक्यात, पण मला त्याच्या बोटांची दया आली, ती खरंच थकली होती. मी म्हणाले, बाबा रे, गॅस काढून टाक. विजेची शेगडी आण, मी तक्रार करणार नाही. रोज तीनदा येऊन बघ. पण माझा हात असा मिटवू नकोस. टेकडीवर माझ्याशी कोण बोलणार आहे? त्याने मनगटावर टकटक केली. समजलं, पुढे बोल.

मग तो संगणकाशी बसला, त्याच्या खात्यात शिरला. तिथे माझी पट्टी चालत नाही. प्रतिनिधीचं पान चित्रांचं आहे, पट्टीवर नुसतं 'बटण, बटण, बटण' येतं. म्हणून मी शेजारी बसले आणि दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले. टाइप केलं की टेबल थरथरतं, ते मला कळतं. एवढंच माझ्या हातात होतं.

मी सांगायला लागले. "मी, लुत्सिना, याला हरकत घेते." टेबल थरथरलं. "मी मान हलवली ती होकारासाठी नव्हे." थरथरलं. आमच्यात मान हलवण्याचा अर्थ काय ते सांगितलं, ब्रशच्या पेटीचं सांगितलं, मला विचारलेला प्रश्न आणि कागदावरचा प्रश्न वेगवेगळे होते हे सांगितलं. चांगली पंधरा-वीस वाक्यं झाली असतील. मी मधे श्वास घेतला तेव्हा लक्षात आलं, की टेबल केव्हाचं शांत आहे.

मी वाट पाहिली. लाकूड गार होतं. मग एक बारीकसा धक्का आला, माउसच्या बटणाचा, एकच.

"लिहिलंस सगळं?" मी विचारलं.

मनगटावर दोनदा टकटक.

"सेव्हेरिन, ते नको. अक्षरांत सांग. पाठवलंस?"

मी हात उलटा केला, बोटं पसरली, अंगठा त्याच्यासमोर धरला. अंगठ्यावरून खाली एक रेघ, टोकाला एक स्पर्श, चार बोटं तळव्यावर. किंवा निदान दुसरी तीन अक्षरं. त्याचा हात आला. गार पडला होता. तो माझ्या अंगठ्याला लागला नाही. मनगटाशीच थांबला, आणि मीच शिकवलं होतं तसं, अगदी नीट, त्याने दोनदा टकटक केली.

मग त्याची बोटं वर सरकली, माझ्या मानेपाशी आली, आणि किल्लीची दोरी शोधायला लागली.